औषधाची वाट आणि तिचे राखणदार

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तकात देवमंदिराचा, शाळेचा व धर्मगुरूंचा वृत्तान्त यावा हे योग्यच आहे. परंतु ज्या वस्तूचा संबंध प्रत्येक घराशी, आणि त्यातही घरातील दुबळ्यात दुबळ्या माणसाशी येतो, तिचाही इतिहास अशा प्रसंगी कोणीतरी सांगावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. ती वस्तू म्हणजे औषध. हल्ली आपल्या उदगिरातही औषध घरपोच येऊ लागले आहे. मुलगा पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीवर, वृद्ध आईवडील येथे. मुलाने तेथून मोबाईलवर मागणी नोंदवावी आणि तीन-चार दिवसांत पुडके दारात यावे, हा प्रकार आता नवलाचा राहिलेला नाही. ज्याला जिना उतरवत नाही, त्यास ही सोय म्हणजे मोठाच दिलासा होय. तथापि त्या पुडक्याबरोबर एक प्रश्नही दारात येतो. आतील औषधाबद्दल उत्तर देण्यास बांधलेला मनुष्य कोण? आणि ते सदोष निघाले, तर ते कोणाकोणाच्या घरी गेले, हे कोणास सांगता येईल?

हा प्रश्न नवा वाटला तरी नवा नाही. औषध करणारा आणि औषध घेणारा यांच्यामध्ये जसजसे अंतर वाढत गेले, तसतसा तो पुनःपुन्हा उभा राहिला. आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर मनुष्यांचे प्राण गेल्यावरच सापडले.

आरंभी हे अंतर जवळजवळ नव्हतेच. वैद्यबुवा रोग्याच्या घरी येत, नाडी पाहत आणि आपल्याच हाताने तयार केलेली मात्रा बटव्यातून काढून देत. पुढे सरकारी व मिशनचे दवाखाने झाले. तेथे रोग्याने घरूनच रिकामी बाटली न्यावयाची, कंपाउंडरने तीत मिश्रण भरावयाचे आणि बाटलीच्या अंगास कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवून एका वेळचा डोस किती ते दाखवावयाचे, अशी रीत होती. औषध बरे असो वा वाईट, ते देणाऱ्याचा चेहरा रोग्यास ठाऊक होता आणि रोग्याचा चेहरा देणाऱ्यास.

चेहरा न पाहता दूरदेशी औषध पाठविण्याचा एक प्रसिद्ध दाखला आपल्या शेजारच्या गोव्यात सापडतो. सतराव्या शतकात फ्लॉरेन्सचे रहिवासी ब्रदर गास्पार आंतोनियो हे गोव्यातील जेज्वीट संघात होते. त्यांनी अनेक द्रव्यांचे चूर्ण एकत्र करून एक गोळा तयार केला. तो ‘गोव्याचा खडा’ या नावाने युरोपपर्यंत गेला. विषावर व तापावर तो थोडासा खरवडून पाण्यातून घेत. १६९१ मध्ये गोव्याच्या नगरसभेने त्याच्या विक्रीचा मक्ता जेज्वीटांस दिला. अर्थात हा खडा कोणाचा, हे घेणाऱ्यास कळत असे. परंतु सत्यास अनुसरून हेही सांगितले पाहिजे की, त्या खड्याच्या अंगी विष उतरविण्याचा गुण होता असे आजचे शास्त्र मानीत नाही. करणाऱ्याचे नाव चांगले असले म्हणजे औषधही चांगले असतेच असे नाही. नाव हवे, आणि त्या नावावर परीक्षाही हवी. हा धडा पुढे दोन शतकांनी पुन्हा गिरवावा लागला.

१८७७ मध्ये हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्ही. पी. पद्धत सुरू केली. माल पोस्टमनने घरी आणावा आणि पैसे त्याच्याच हाती द्यावे, अशी ही सोय. आजचे घरपोच औषध हे या व्ही. पी.चेच नातवंड म्हटले पाहिजे. या सोयीचा लाभ पुस्तकवाल्यांनी घेतला, तसाच औषधवाल्यांनीही घेतला. शक्तीच्या गोळ्या, सर्वरोगहारक अर्क, गुप्त रोगांवरील रामबाण उपाय यांच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांचे रकाने भरू लागले. आत काय आहे हे विचारण्याचा अधिकार कोणास नव्हता. डब्यावरील अक्षर हाच पुरावा.

याच टपालखात्याकडून चांगले कामही होऊ शकते, हे त्याच सुमारास बंगालने दाखविले. हिवतापाने माणसे मरत होती आणि क्विनीन मात्र गावापर्यंत पोहोचत नव्हते. १८९२ मध्ये सर जॉर्ज किंग यांच्या योजनेप्रमाणे सरकारी क्विनीनच्या एकेक पैशाच्या पुड्या टपालकचेऱ्यांतून विकण्यास आरंभ झाला. पुडी लहान, किंमत ठरलेली, आणि आतील द्रव्याबद्दल सरकार जबाबदार. वाट तीच, पोस्टमनही तोच. फरक एवढाच की एका पुडीच्या मागे उत्तर देणारा कोणी होता आणि दुसरीच्या मागे नव्हता.

उत्तर देणारा असला, तरी नोंद नसेल तर तो काय उत्तर देणार? १९०२ सालच्या एका शोकजनक प्रसंगाने हे स्पष्ट केले. मुंबईस परळ येथे डॉ. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार होऊन देशभर जात असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांस ती टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. चौकशीअंती असे आढळले की, हे सर्व १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. बाकीच्या बाटल्यांतून टोचून घेतलेल्यांस धनुर्वात झाला नाही. प्रारंभी दोष प्रयोगशाळेच्या माथी आला आणि हाफकिन यांस काम सोडावे लागले. परंतु पुढे असे दिसून आले की, बाटली उघडतेवेळी चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला. १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेस त्यांचेच नाव देण्यात आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. बाटलीवर क्रमांक नसता, आणि कोणास कोणत्या बाटलीतून टोचले हे कळण्यास मार्ग नसता, तर काय झाले असते? सबंध लसच विषारी ठरली असती, प्लेगात आणखी माणसे मेली असती आणि एक निरपराध मनुष्य जन्मभर दोषी राहिला असता. औषधावरील क्षुल्लक दिसणारा क्रमांक रोग्याचे रक्षण करतो, तसेच सत्याचेही करतो.

लसीची ही कथा सरकारी प्रयोगशाळेची झाली. बाजारातील औषधांवर मात्र अद्याप कोणाचाच वचक नव्हता. परदेशाहून कमी कसाची द्रव्ये येत, येथे त्यांत आणखी भेसळ होई, आणि क्विनीनसारखे प्राणरक्षक औषधही त्यातून सुटत नसे. ९ मार्च १९२७ रोजी मुंबई इलाख्यातील सभासद सर हरून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये या अनाचारास आळा घालावा असा ठराव मांडला. त्यानंतर १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध-चौकशी समिती नेमण्यात आली व १९३१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

या समितीच्या सभासदांत एक कॅथलिक धर्मगुरू होते, ही गोष्ट आपल्या लोकांस फारशी ठाऊक नाही. त्यांचे नाव फादर जे. एफ. कायस. हे जेज्वीट संघाचे असून मुंबईच्या हाफकिन संस्थेत औषधद्रव्यांचे संशोधन करीत. डॉ. म्हसकर यांच्या सहकार्याने त्यांनी सर्पदंशावर लोक वापरीत असलेल्या शेकडो वनस्पतींची परीक्षा केली आणि १९३१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की, त्यांपैकी एकही सापाच्या विषावर गुणकारी नाही. हा निष्कर्ष अनेकांस कडू लागला असेल. परंतु खोट्या आशेवर विसंबून रोग्याची मोलाची घटका दवडण्यापेक्षा कडू सत्य बरे, हाच खरा दयाभाव होय. कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करण्यातही फादर ब्लॅटर व डॉ. म्हसकर यांच्याबरोबर फादर कायस यांचा हात होता. गोव्याच्या खड्यापासून फादर कायस यांच्या परीक्षानळीपर्यंत एकाच संघाने केलेला हा प्रवास मनन करण्यासारखा आहे.

समितीच्या अहवालाचे फळ म्हणजे १९४० चा औषध कायदा आणि १९४५ ची त्याखालील नियमावली. १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला व औषध देणाराही शिकलेला आणि नोंदलेला असावा असे ठरले. औषध करण्यास परवाना, विकण्यास परवाना, वेष्टनावर करणाऱ्याचे नाव, बॅच नंबर व मुदतीची तारीख, आणि कित्येक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून द्यावयाची नाहीत, अशी ही व्यवस्था. एक एक अट वाचताना मागील कोणत्या ना कोणत्या दुःखाची आठवण व्हावी, अशीच ती रचना आहे.

आपले उदगीर त्या वेळी कोठे होते? ते निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. १९४० चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्याने त्याचा अंमल येथे नव्हता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये केंद्राचे अनेक कायदे अशा राज्यांस लागू झाले, त्यांत हा औषध कायदाही आला. म्हणजे मुंबईच्या रोग्यास जे संरक्षण कागदावर तरी मिळाले, ते उदगीरच्या रोग्यास काही वर्षे उशिराने मिळाले. १९५६ मध्ये उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले; परंतु सीमेवरच्या गावाचा स्वभाव बदलला नाही. आजही येथील रोगी लातुरास जातो, तसाच बीदरासही जातो, आणि दोन राज्यांची औषधे एकाच घराच्या फडताळात नांदतात.

व्ही. पी.ने येणाऱ्या रामबाण उपायांची कथाही येथे पुरी करावयास हवी. १९५४ मध्ये चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा झाला. जाहिराती मात्र आजही संपलेल्या नाहीत. त्या वृत्तपत्राच्या रकान्यातून निघून मोबाईलच्या पडद्यावर आल्या, इतकेच.

कायदा असूनही पहारेकरी झोपला तर काय होते, हे १९८६ च्या आरंभी मुंबईने पाहिले. सर जे. जे. रुग्णालयात रोग्यांस दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघाले आणि १४ जण दगावले. हेच विष १९३७ मध्ये अमेरिकेत एका सल्फा औषधातून शंभराहून अधिक लोकांचा घात करून गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादाराबरोबरच रुग्णालयाची खरेदी व औषध प्रशासनाची देखरेख यांतील दोषही उघडे केले. परवाना, शिक्का, सही हे सर्व असून रोगी मेले. कारण प्रत्येकाने आपल्या मागच्या माणसाने पाहिले असेल असे मानले.

आता प्रस्तुत काळाकडे वळू. संगणकाच्या जाळ्यावरून औषधे विकण्याचा व्यापार वाढला, तेव्हा जुन्या नियमावलीत त्यास स्वतंत्र जागाच नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा विक्रीसाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला; त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने परवान्यावाचून होणारी अशी विक्री थांबविण्याचा आदेश दिला. मसुदा मात्र पुढे वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. नंतर कोरोनाची महामारी आली. २६ मार्च २०२० रोजी सरकारने परवानाधारक किरकोळ दुकानदारांस औषध घरपोच देण्याची मुभा दिली. त्या सूचनेतील अटी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. चिठ्ठी आधी दुकानदाराकडे यावी. रोगी त्याच महसुली जिल्ह्यातील असावा. चिठ्ठी जुनाट विकारात तीस दिवसांच्या व तात्पुरत्या आजारात सात दिवसांच्या आत सादर व्हावी. आणि गुंगीची व विशेष नोंदीची औषधे अशा रीतीने देऊ नयेत. जिल्ह्याच्या अटीचे मर्म असे की, देणारा व घेणारा एकाच निरीक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात राहावे. उलट शेकडो कोसांवरील गोदामातून निघालेले पुडके उदगिरात आले, तर त्याच्या चुकीचा जाब लातूरच्या औषध निरीक्षकाने कोणास विचारावा?

हा केवळ कागदी वाद नव्हे, हे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या कोल्ड्रिफ या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांस उपचारासाठी नागपुरास आणले होते. औषधात निघाले तेच डायएथिलिन ग्लायकॉल. सदोष बॅचचा नंबर एसआर-१३ होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या नंबराची बाटली कोणाकडे असल्यास ती वापरू नये व कळवावे, असे आवाहन केले. पाहा, मुल्कोवालची ५३-एन आणि छिंदवाड्याची एसआर-१३ यांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, तरी वाचविणारी गोष्ट एकच: क्रमांक. ज्या दुकानदाराच्या बिलावर बॅच नंबर व गिऱ्हाइकाचे नाव असते, तो त्याच दिवशी माणूस धाडून म्हणू शकतो, “ताई, ती बाटली मुलाला देऊ नका.” ज्या पुडक्याचे बिल नाही, त्याच्यामागे असा निरोप जाणार कसा?

येथे दुकानदारांची भलावण करण्याचा आमचा उद्देश नाही. चिठ्ठी न पाहता औषध देणारी दुकाने आपल्याही बाजारपेठेत असू शकतात. आणि खोटे औषध केवळ ऑनलाइनच येते असेही नव्हे. शेजारच्या अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास पुरविलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांत ते मूळ द्रव्यच नसल्याचे तपासणीत आढळले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. म्हणून दुकान चांगले व पुडके वाईट, असा सोपा निवाडा करून चालणार नाही. जेथे नोंद, परीक्षा आणि विचारणारा मनुष्य ही तीन असतात ती वाट सुरक्षित. जेथे ती नाहीत ती असुरक्षित, मग ती कोणत्याही दारातून येवो.

विचारणारा मनुष्य म्हणजे काय, हे थोडे खुलासेवार सांगतो. लातूरच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी लिहून दिली आणि बीदरच्या डॉक्टरांनी तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहिली, तर घरातील वृद्ध दोन्ही घेतो आणि चक्कर येऊन पडतो. दोन्ही चिठ्ठ्या एका फार्मासिस्टच्या नजरेखाली गेल्या, तर तो थांबवील. पुडके आणणारा मुलगा थांबवू शकत नाही, व त्याच्याकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे. इन्सुलिन दोन ते आठ अंश उष्णतेत ठेवावे लागते. मे महिन्यात येथील पारा चाळीसवर असता ते पुडके वाटेत कोठे कोठे पडून होते, हे वरून पाहून कळत नाही. गोळ्यांची पट्टी कापून दिली म्हणजे बॅच नंबर एका तुकड्यावर व मुदतीची तारीख दुसऱ्यावर जाते. अशा बारीकसारीक गोष्टींतच रोग्याचे बरेवाईट असते.

सरकारने आपले काम करावेच. १ मार्च २०१४ पासून कित्येक प्रतिजैविके व क्षयाची औषधे देताना डॉक्टराचे व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या तीनशे औषधांवर क्यूआर कोड छापणे आवश्यक झाले; तो मोबाईलने वाचता करणाऱ्याचे नाव व बॅच नंबर समोर येतो. परंतु कोड वाचणारा कोणी घरात नसेल, तर कोडचा उपयोग काय? शेवटचा राखणदार घरातलाच हवा.

यास्तव आपल्या कुटुंबांस एवढेच सुचवावेसे वाटते. औषध घरी आले म्हणजे प्रथम चिठ्ठीशी ताडून पाहावे. नाव, किती मिलिग्रॅम, मुदत व बॅच नंबर वाचावा. बिल घ्यावे आणि औषध संपेपर्यंत तरी जपून ठेवावे. घरातील सर्व औषधांची एक यादी करून ती प्रत्येक डॉक्टरास व फार्मासिस्टास दाखवावी. औषध घेतल्यावर काही विपरीत झाले तर ते आपल्या नशिबावर न घालता डॉक्टरास सांगावे, अथवा औषधांचे दुष्परिणाम नोंदविणाऱ्या राष्ट्रीय केंद्रास १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवावे. अशी एक नोंद कदाचित परक्या गावातील एखादे मूल वाचवील.

आणि ज्या घरात वृद्ध एकटे आहेत, अक्षर वाचवत नाही, मुले दूर आहेत, तेथे शेजाऱ्याने जावे. आजाऱ्यांस भेटणे हे दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक म्हणून आपणांस लहानपणापासून शिकविले आहे. भेटीस जाताना फळे नेतो तशी दोन डोळ्यांची मदतही न्यावी. उशाजवळचे पुडके हाती घेऊन त्यावरील बारीक अक्षर मोठ्याने वाचून दाखवावे. सरकारचे कायदे औषधाला दारापर्यंत राखतील. दारापासून उशापर्यंतची वाट चार पावलांचीच आहे, पण ती आपली आहे.